बर्फाकडे बघायला माणूस नेमा

नाशिककरांनो, पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

विषय आहे व्हेपोरायझरच्या कॉइलचा. नाव ऐकून सर्दीत वाफ घ्यायचं भांडं आठवलं असेल तर ते नव्हे. मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला जाळीच्या कुंपणात एक उंच पांढरी टाकी असते. तिच्या शेजारी अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या लावलेल्या नळ्यांचा उभा सांगाडा असतो आणि त्यावर भर मे महिन्यातही बर्फ दिसतो. तो व्हेपोरायझर. टाकीत ऑक्सिजन द्रव असतो, उणे 183 अंशांच्या आसपास. तो तसाच वॉर्डात सोडता येत नाही. या नळ्यांतून जाताना बाहेरच्या हवेची ऊब घेऊन त्याचा वायू होतो आणि मग तो पाइपातून खाटेपर्यंत पोचतो. वीज नाही, मोटर नाही, आवाज नाही. म्हणूनच त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मी सातपूरला एका कारखान्यात युटिलिटी विभागात काम करतो. आमच्याकडे द्रव नायट्रोजनची टाकी आहे. वायू वेगळा, पण कॉइलचं तंत्र तेच. आमच्याकडे प्रत्येक पाळीत एक माणूस जाऊन कॉइलवरचा बर्फ बघतो, दाब लिहितो, सही करतो. का? तर गॅसचा दाब पडला की भट्टीतला माल खराब होतो आणि मालकाचे पैसे जातात. लोखंडाच्या मालासाठी जी शिस्त आम्ही रोज पाळतो, ती माणसांच्या श्वासासाठी पाळली जाते की नाही, हे विचारायचा हक्क मला आहे. तुम्हालाही आहे.

21 एप्रिल 2021 आठवतो ना? महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. कोविडची दुसरी लाट, ऑक्सिजनवर असलेले दीडशेच्या आसपास रुग्ण. टँकरमधून टाकी भरताना गळती झाली, आवारात पांढरा ढग पसरला, आत पाइपातला दाब पडला. त्या दिवशी 22 माणसं गेली, पुढे हा आकडा 24 वर पोचला. ती टाकी काही जुनाट नव्हती. 13 किलोलिटरची टाकी, बसवून महिनासुद्धा झाला नव्हता.

आता कुणी म्हणेल, तिथे दोष कॉइलचा कुठे होता? नव्हताच. गळती टाकीच्या जोडणीतली होती आणि मी ती कॉइलच्या माथी मारत नाहीये. माझा मुद्दा वेगळा आहे. टाकी, व्हॉल्व्ह, कॉइल, दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर आणि वॉर्डातला पाइप ही एकच साखळी आहे. यातली कुठलीही कडी तुटली तरी खाटेवरच्या माणसाला कळतं ते एकच, श्वास मिळत नाही. त्या दिवसानंतर आपण समिती बघितली, मदतीचे धनादेश बघितले. तीन दिवसांनी, 24 एप्रिलला, विशाखापट्टणमहून निघालेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसचे 4 टँकर नाशिकला उतरले, तेही आपण बघितलं. तेव्हा सगळी चर्चा ऑक्सिजन किती टन आला याची होती. आलेला ऑक्सिजन टाकीपासून खाटेपर्यंत नीट पोचतोय का, हे रोज कोण बघणार, ही चर्चा झालीच नाही.

म्हणून ती आज करू. कॉइलची देखभाल म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही. डोळे, हात आणि एक वही लागते.

कॉइलवर पांढरा भुरा थर असणं हे नॉर्मल आहे. तो दिसला म्हणून घाबरायचं नाही. पण थर जाड होत गेला आणि दोन पात्यांमधली फट बुजली की हवा आत शिरतच नाही. बर्फाची रजई पांघरलेली कॉइल हवेतून ऊब घेणार कशी? म्हणून असे संच दोन असतात. एक चालू, दुसरा विश्रांतीत, आणि ठरलेल्या तासांनी अदलाबदल. विश्रांतीतला संच पुढच्या पाळीपर्यंत मोकळा व्हायला हवा. नाही झाला, तर समजायचं की अदलाबदल उशिरा होतेय किंवा मागणीच्या मानाने कॉइल लहान पडतेय. आणि बंद ठेवलेल्या संचावर नव्याने भुरा धरत असेल, तर त्याचा व्हॉल्व्ह पासिंग आहे, म्हणजे बंद करूनही आतून सोडतोय. तो व्हॉल्व्ह त्याच आठवड्यात बघायचा, वर्षाच्या सर्व्हिसिंगची वाट बघायची नाही.

दुसरी खूण बाहेर पडणाऱ्या पाइपाची. कॉइलच्या पुढच्या पाइपावर बर्फ दिसला तर ते धोक्याचं आहे. वायू पुरेसा तापलेला नाही, कदाचित द्रवच पुढे ढकलला जातोय, असा त्याचा अर्थ. पुढे रबरी सील असतात, रेग्युलेटर असतो, कुठे साध्या पोलादाचा तुकडा असतो. एवढ्या थंडीत ते कडक होऊन तडकतात.

तिसरी खूण दाबाची. सगळे रुग्ण जास्त प्रवाहावर असतात त्या वेळी काटा खाली सरकतो का? साधं गणित करू. एका रुग्णाला मिनिटाला 10 लिटर धरले तर 150 रुग्णांना मिनिटाला 1,500 लिटर, म्हणजे तासाला 90,000 लिटर वायू लागतो. एक लिटर द्रवापासून साधारण 860 लिटर वायू होतो. म्हणजे कॉइलला तासाला शंभराहून जास्त लिटर द्रव उकळवावा लागतो, तोही फक्त हवेच्या उबेवर. त्यात हाय फ्लो मशीनवरच्या एका रुग्णाला मिनिटाला 60 लिटरपर्यंत लागू शकतात. खाटा वाढवल्या, मशीन वाढवली, उद्घाटनं केली, पण कॉइल तेवढीच ठेवली, तर ती कॉइल बिघडलेली नसते, अपुरी असते. तिला कितीही साफ करा, उपयोग नाही. तिथे मोठा संचच लागतो.

दाब पडला की काय होतं ते शेजारच्या गोव्याने बघितलंय. मे 2021 मध्ये बांबोळीच्या गोमेकॉत पहाटेच्या वेळी होणारे मृत्यू आणि ऑक्सिजनचा कमी पडणारा दाब हा विषय थेट उच्च न्यायालयात गेला होता. तिथली कारणं वेगळी होती, सिलिंडर बदलण्यातल्या अडचणींची होती. पण वेळ लक्षात घ्या. पहाट. साहेब घरी, कंपनीचा माणूस घरी, जागा असतो तो फक्त रुग्ण आणि पाळीवरचा कर्मचारी.

मग कॉइल बदलायची कधी? "पाच वर्षं झाली की" किंवा "कंपनी सांगेल तेव्हा" ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. नुसत्या वयावर कॉइल भंगारात जात नाही, तिच्या अवस्थेवर जाते. नळी रोज उणे 183 पासून आपल्या 40 अंशांच्या उन्हापर्यंत आकसते आणि फुगते. त्याने वेल्डिंगच्या सांध्यांवर ताण येतो. सांध्यावर ऑक्सिजनला चालणारं गळतीतपासणीचं द्रावण लावायचं, बुडबुडे आले की तो संच बंद. एकाच संचात पुन्हा पुन्हा गळती, तडा गेलेला सांधा, मोठ्या भागात वाकलेल्या किंवा सुटलेल्या पात्या, बर्फाच्या वजनाने कललेला पाया, आणि बर्फ नीट काढूनही नेमलेल्या प्रवाहाला बाहेरचं तापमान न टिकणं, यातलं काही दिसलं की डागडुजीचा हट्ट सोडून बदलीचा प्रस्ताव टाकायचा.

इथे एक कळकळीची सूचना. अंबडमधून कुणी ओळखीचा फॅब्रिकेटर बोलावून जागेवर वेल्डिंग मारून घेणं, हा प्रकार ऑक्सिजनच्या बाबतीत जीवघेणा आहे. ऑक्सिजनच्या नळीत तेल-ग्रीसचा अंश राहिला तर तो पेट घेऊ शकतो. हे काम ऑक्सिजनसाठी साफ करून, दाबाची चाचणी घेऊनच व्हायला पाहिजे, आणि ते ज्याचं आहे त्यानेच करायला पाहिजे. बर्फ काढायला साधं पाणी चालतं. पहार, हातोडा, जळता बोळा चालत नाही. हसू नका. शहरातल्या एका हॉस्पिटलच्या आवारात लोखंडी सळईने बर्फ फोडताना मी स्वतः बघितलंय. कुंपणाला टेकून दुचाक्या उभ्या होत्या आणि पलीकडे एक जण विडी ओढत होता.

आता नेहमीची उत्तरं घेऊ.

"देखभालीचं कंत्राट दिलेलं आहे." उत्तम. कंत्राटदाराचा माणूस महिन्यातून एकदा येत असेल, तर उरलेल्या 29 दिवसांचा बर्फ कोण बघणार? कंत्राटाने बिल देण्याची जबाबदारी ठरते, रोज बघण्याची ठरत नाही. आणि कंत्राटदार बरोबर काम करतोय हे तपासायला आपल्याकडे आपली नोंद नसेल, तर त्याच्या कागदावर सही करण्यापलीकडे आपल्या हातात काय राहतं?

"आमच्याकडे माणसं कमी आहेत." हे मात्र खरं आहे आणि मी ते टाळत नाही. सिस्टरांवर आणखी एक काम टाका असं मी म्हणणारच नाही, त्यांच्यावर आधीच पुरेसं ओझं आहे. पण यासाठी इंजिनिअरांची फौज लागत नाही. प्रत्येक पाळीत आयटीआय झालेला एक प्रशिक्षित ऑपरेटर पुरतो. या शहरात सातपूर आणि अंबड या दोन औद्योगिक वसाहती आहेत. अशी मुलं कमी पडतात असं कुणी मला सांगू नये.

"परवाना आहे, ऑडिट झालेलं आहे." अशा टाक्यांचा परवाना पेसो देते, तिचं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. परवाना हवाच. पण ऑडिट एका दिवसाचं असतं आणि बर्फ रोजचा असतो. भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 ला जिल्हा रुग्णालयात 10 बाळं गेली, तेव्हाही ऑडिटची घोषणा झाली. त्यानंतर एप्रिलमध्ये आपलं झाकीर हुसेन, दोन दिवसांनी विरार, नोव्हेंबरमध्ये नगर. कारणं वेगवेगळी, तीन ठिकाणी आग. पण प्रत्येक वेळी आधी ऑडिटची भाषा आणि नंतर चौकशीची भाषा. मधल्या रोजच्या दिवसांची भाषा कुणीच बोलत नाही.

"आता कोविड संपला." साहेब, न्यूमोनिया संपलाय का? हृदयविकार, अपघात, नवजात बाळं संपलीत का? आणि 2027 चा सिंहस्थ दारात आहे. मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन पावसाळ्यात. हवेत दमटपणा जास्त, म्हणजे कॉइलवर बर्फ जास्त. शहरात गर्दी जास्त, म्हणजे रुग्णालयावर भार जास्त. दोन्ही एकाच वेळी. घाट, रस्ते, कमानी यांच्या बातम्या रोज येतायत, येऊ द्या. त्या यादीत रुग्णालयांच्या मागच्या अंगणाचीही एक ओळ हवी.

तर मागण्या सरळ आहेत:

1. ऑक्सिजनची टाकी असलेल्या प्रत्येक सरकारी आणि महापालिका रुग्णालयात प्रत्येक पाळीला एक नेमलेला, प्रशिक्षित ऑपरेटर. त्याचं पद आणि पाळीची वेळ फलकावर.

2. पाळीची नोंदवही: टाकीतली पातळी, लाइनचा दाब, बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान, बर्फाची अवस्था, संच कधी बदलला. पान दर महिन्याला वेबसाइटवर.

3. आज असलेल्या खाटांच्या मानाने कॉइलची क्षमता पुरते का, याचं लेखी गणित. खाटा वाढवताना हे गणित नव्याने केल्याशिवाय उद्घाटन नको.

4. टाकी बंद पडली तर सिलिंडरवर किती मिनिटांत जाता येतं, याची दर तीन महिन्यांनी तालीम. रात्रीच्या पाळीतसुद्धा.

5. टँकर रिकामा होत असताना रुग्णालयाचा जबाबदार माणूस जागेवर हजर.

यातल्या नोंदवहीला आणि थर्मामीटरला किती खर्च येतो? एका स्वागत कमानीच्या फ्लेक्सपेक्षा कमीच.

खासगी हॉस्पिटलवाल्यांनाही हेच लागू आहे. बिलात ऑक्सिजनचे तासावर पैसे लावता ना? मग नोंदही तासाची दाखवा.

तुम्ही काय करू शकता? तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला, आमदाराला ही पोस्ट पाठवा आणि एकच प्रश्न विचारा: आपल्या रुग्णालयाच्या ऑक्सिजन कॉइलची कालची नोंद दाखवता का? भाषण नको, कालचं पान पाहिजे. माहिती अधिकारात अर्ज टाकणार असाल तर नमुना मी लिहून देतो, कमेंटमध्ये सांगा. आणि रुग्णालयात काम करणारं कुणी हे वाचत असेल आणि तिथे नोंद नीट होत असेल, तर तेही जरूर सांगा. चांगलं काम करणाऱ्या पाळीवरच्या माणसाचं कौतुक इथेच, सगळ्यांसमोर करू.

झाकीर हुसेनमध्ये गेलेल्यांची घरं याच शहरात आहेत. दर 21 एप्रिलला त्यांना नुसती श्रद्धांजलीची पोस्ट नको. कालच्या तारखेचं भरलेलं पान दाखवा.