निळा प्रकाश, तांबडा प्रकाश आणि तारुण्यपिटिका

सौंदर्यसाधनांच्या बाजारात गेल्या काही वर्षांत एक नवा मुखवटा आला आहे. पांढऱ्या प्लास्टिकचा, डोळ्यांच्या जागी भोके ठेवलेला आणि आतल्या अंगाला बारीक एलईडी दिव्यांच्या रांगा बसवलेला. तो तोंडावर चढवून रोज दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ पडून राहावे, म्हणजे चेहऱ्यावरील मुरूम नाहीसे होतात, असे सांगितले जाते. पार्लरमध्ये त्याच्या ‘सिटिंग’ घेता येतात. ज्यांना संकोच वाटतो त्यांना तो घरपोच मागवता येतो. घरात उपवर मुलगी असेल, किंवा दहावी-बारावीतला मुलगा आरशासमोर उभे राहायला टाळत असेल, तर आईवडील अशा वस्तूवर पैसे खर्च करायला मागेपुढे पाहत नाहीत. म्हणून या उपचारात तथ्य किती, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

ही निव्वळ थाप आहे, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. प्रकाशाने त्वचेचा रोग बरा करण्याची कल्पना चांगली सव्वाशे वर्षे जुनी आहे. फेरो बेटांवर जन्मलेले नील्स फिन्सेन या डॅनिश वैद्याने एकवटलेल्या प्रकाशझोताने त्वचेच्या क्षयावर उपचार केले आणि त्याबद्दल त्यांना १९०३ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे याच ओघात मुरमांवरही अतिनील किरणांचा मारा होऊ लागला. एवढेच नव्हे, तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मुरमांसाठी चेहऱ्यावर क्ष-किरण देण्याची प्रथा होती. त्यांतील काहींना पुढे त्वचेचे व थायरॉइडचे कर्करोग झाल्याचे दिसले, आणि ती प्रथा मागे पडली. आजच्या मुखवट्यांतील प्रकाश तसा घातक नाही. तो डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापैकीच आहे, त्यात अतिनील किरण नसतात. तरीही चेहरा उजळण्याच्या घाईत माणसाने काय काय करून घेतले, याची आठवण असावी म्हणून हा इतिहास.

मुरूम हा विकार काही नवा नव्हे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘मुखदूषिका’ या नावाने त्याचे वर्णन आहे आणि तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या त्या पुटकुळ्यांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. काटेसावरीचे खोड ज्याने पाहिले आहे, त्याला ती उपमा किती नेमकी आहे हे वेगळे सांगायला नको.

वयात येताना शरीरात अँड्रोजेन या संप्रेरकांचे प्रमाण वाढते. मुलींच्या शरीरातही ती असतात. त्यांच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथी जोमाने तेल तयार करू लागतात. त्याच वेळी केसांच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म नळीचे तोंड मृत पेशींनी बुजते. तेल आत साठते आणि पांढरा किंवा काळा दाणा तयार होतो. काळ्या दाण्याचा काळेपणा मळाचा नसतो; त्वचेतील रंगद्रव्य व तेल यांचा हवेशी संयोग होऊन तो रंग येतो. म्हणून साबणाने कितीही घासले तरी तो जात नाही, उलट त्वचा मात्र सोलवटते. बुजलेल्या नळीत क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस नावाचे जंतू वाढतात, शरीर त्यांच्याशी झुंजू लागते, आणि लाल, दुखरी, पू धरणारी पुळी उभी राहते.

प्रकाशाचा संबंध येतो तो या जंतूंपाशी. हे जंतू आपल्या शरीरात पॉर्फिरिन नावाची द्रव्ये बनवतात. अंधाऱ्या खोलीत विशिष्ट दिव्याखाली चेहरा पाहिला, तर ही द्रव्ये नारिंगी-तांबड्या ठिपक्यांसारखी चमकताना दिसतात. सुमारे ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा-जांभळा प्रकाश ती विशेषत्वाने शोषून घेतात. त्यातून ऑक्सिजनचे एक अतिशय क्रियाशील रूप जन्माला येते आणि ज्या जंतूने ते द्रव्य बनवले, त्याचाच नाश होतो. निळा प्रकाश त्वचेत फार खोल जात नाही. तांबडा त्याहून खोल उतरतो आणि सूज काहीशी कमी करतो. म्हणून बहुतेक यंत्रांत दोन्ही रंग एकत्र असतात.

तर्क सुबक आहे, आणि तो प्रयोगातही काही अंशी टिकला. ब्रिटनमध्ये १०७ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम मुरूम असलेल्या या रुग्णांपैकी ज्यांना रोज पंधरा मिनिटे निळा व तांबडा प्रकाश मिळाला, त्यांच्या लाल पुळ्यांमध्ये बारा आठवड्यांनी सरासरी ७६ टक्के सुधारणा दिसली. आज जाहिरातींत जे मोठमोठे टक्के झळकतात, ते अशाच प्रयोगांच्या बळावर.

मात्र एका प्रयोगाने सिद्धांत होत नाही. २०१६ साली कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी प्रकाशोपचाराविषयीचे ७१ प्रयोग आणि त्यांतील ४,२११ रुग्ण एकत्र घेऊन छाननी केली, तेव्हा त्यांना भरवशाचा पुरावा अपुराच आढळला. प्रयोग लहान, मुदत थोडी, तुलनेची पद्धत सदोष, असे बहुतेकांचे स्वरूप होते. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली मुरमांच्या उपचाराची नवी मार्गदर्शिका काढली, तीतही प्रकाश व लेसर यंत्रांची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असेच नमूद आहे. बाटलीवर वा डब्यावर ‘एफडीए क्लिअर्ड’ असे छापलेले असते, त्याचा अर्थही समजून घ्यावा. हे यंत्र आधीपासून बाजारात असलेल्या तशाच यंत्राच्या तोडीचे आहे, एवढाच बहुधा त्याचा आशय असतो. ते औषधाइतके गुणकारी ठरले, असा नव्हे.

यंत्राची मर्यादा त्याच्या कार्यपद्धतीतच आहे. प्रकाश जंतू मारतो. पण तैलग्रंथी तेल करीतच राहतात, नळीचे तोंड बुजतच राहते, संप्रेरके आपले काम थांबवत नाहीत. काळ्या-पांढऱ्या दाण्यांवर त्याचा परिणाम कमी, खोल गाठींवर तर जवळजवळ नाहीच. सिटिंग थांबल्या की जंतू पुन्हा वाढतात. पार्लरमधील सहा सिटिंगांचे ‘पॅकेज’ संपते, चेहरा महिनाभर बरा दिसतो, आणि दुसऱ्या पॅकेजची वेळ येते.

जाहिरातीत न येणारी, पण आपल्याकडे सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. गव्हाळ आणि सावळ्या वर्णाच्या माणसाला मुरमापेक्षा मुरमाच्या डागाचा जाच अधिक होतो. पुळी पंधरा दिवसांत बसते. तिच्या जागी उरलेला काळसर डाग महिनोन् महिने जात नाही. आता, निळा-जांभळा प्रकाश अशा त्वचेत रंगद्रव्याची निर्मिती स्वतःच वाढवू शकतो. फ्रान्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सहज सावळणाऱ्या त्वचेच्या निरोगी स्वयंसेवकांच्या अंगावर ४१५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकण्यात आला. त्याने त्वचा स्पष्टपणे काळवंडली आणि ती छटा आठवडेच्या आठवडे टिकली. ६३० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाने तसे काही झाले नाही. हा परिणाम प्रकाशाच्या मात्रेप्रमाणे वाढत जाणारा होता. मुखवट्याच्या प्रत्येक वापराने चेहरा काळा पडतो, असा त्याचा अर्थ काढू नये. परंतु मुरमांसाठी वापरला जातो तो हाच ४१५ नॅनोमीटरचा प्रकाश. ज्या मुलीची मुख्य तक्रार डागांची आहे, तिला निळ्या दिव्याखाली बसवण्यापूर्वी दहा वेळा विचार झाला पाहिजे, आणि तो पार्लरमधील कर्मचाऱ्याने नव्हे, त्वचारोगतज्ज्ञाने करावा.

‘ऊन लागले की पुळ्या सुकतात’ ही समजूतही याच पंक्तीतली. पुळी सुकल्यासारखी वाटते खरी, पण डाग गडद होतो.

डोळ्यांविषयी हयगय नको. अमेरिकेत २०१९ साली एका प्रसिद्ध कंपनीने मुरमांसाठीचा आपला प्रकाश-मुखवटा बाजारातून परत घेतला. डोळ्यांचे काही विशिष्ट आजार असणाऱ्यांना, तसेच प्रकाशाची संवेदना वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना इजा होण्याचा संभव तिने कबूल केला होता. डॉक्सीसायक्लिन हे मुरमांवर सर्रास दिले जाणारे प्रतिजैविक असेच एक औषध आहे. एकीकडे ती गोळी चालू आणि दुसरीकडे घरी मुखवटा, असा दुहेरी प्रकार डॉक्टरांना न सांगता कधीही करू नये. ल्युपस, पॉर्फिरिया यांसारखे प्रकाशाने बळावणारे आजार असणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये.

दवाखान्यातील प्रगत प्रकारांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, त्वचेवर आधी अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल लावून नंतर तांबडा प्रकाश देण्याच्या पद्धतीचा परिणाम अधिक काळ टिकतो; पण तीत आग होते, खपल्या धरतात आणि सावळ्या त्वचेवर डागांचे भय असते. तैलग्रंथींनाच तापवणाऱ्या १७२६ नॅनोमीटरच्या लेसरला अमेरिकेत २०२२ साली परवानगी मिळाली. तो आश्वासक आहे, महाग आहे, आणि त्याचा दीर्घकाळचा अनुभव अजून गाठीशी यायचा आहे.

मग करावे काय? उत्तर फारसे चमकदार नाही, कदाचित म्हणूनच ते कोणी जाहिरातीत सांगत नाही. अडापालिन जेल आणि बेंझॉइल पेरॉक्साइड ही दोन साधी मलमे सौम्य व मध्यम मुरमांवर भक्कम पुराव्यानिशी उभी आहेत. पहिले नळीचे तोंड मोकळे ठेवते, दुसरे जंतू मारते. आणि दुसऱ्याला जंतू सरावत नाहीत, ही त्याची फार मोठी जमेची बाजू. नुसते प्रतिजैविक मलम महिनोन् महिने लावले, तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. अडापालिन रात्री, वाटाण्याएवढे, पुळीवर टिंब लावल्यासारखे नव्हे तर साऱ्या चेहऱ्यावर पातळ पसरून लावावे लागते. पहिले दोन-तीन आठवडे त्वचा कोरडी होते, सोलते, कधी पुळ्या वाढल्यासारख्याही वाटतात. बहुतेक जण नेमके इथेच औषध सोडतात. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बेंझॉइल पेरॉक्साइडने उशीचे अभ्रे आणि टॉवेल यांचा रंग उडतो, तेव्हा पांढरे वापरावेत, म्हणजे घरात निराळी कुरबुर नको. दिवसा सनस्क्रीन हवेच. डाग असतील तर लोह ऑक्साइड असलेले, किंचित रंगाचे सनस्क्रीन घ्यावे. ते दृश्य प्रकाशालाही अडवते.

मुरूम तीव्र असतील, खोल गाठी व खड्डे पडू लागले असतील, तर डॉक्टर आयसोट्रेटिनॉइन सुचवतात. गर्भावस्थेत ते घेतल्यास बाळात गंभीर व्यंग निर्माण होते, म्हणून विवाहित वा विवाहोत्सुक मुलींच्या बाबतीत हे मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. आणखी एक अडचण अनेक जैन घरांत येते. हे औषध बहुधा जिलेटिनच्या मऊ कॅप्सूलमध्ये मिळते, आणि जिलेटिन प्राणिजन्य असते. ते कळल्यावर कॅप्सूल गुपचूप बंद करून घरची मंडळी प्रकाशाच्या मुखवट्याकडे वळतात. त्यापेक्षा ही अडचण पहिल्याच भेटीत डॉक्टरांसमोर मांडावी. पर्याय कोणते, त्यांनी कितपत भागेल आणि थांबण्याची किंमत काय, हे तेच सांगू शकतात. खोल गाठींवर दिव्याचा उपयोग नाही, आणि थांबण्याची किंमत म्हणजे कायमचे व्रण.

गर्भवतींना अडापालिनही देत नाहीत, आणि काहींची त्वचा कोणतेच मलम सोसत नाही. अशा मोजक्या प्रसंगी, सौम्य लाल पुळ्यांसाठी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली प्रकाशाला जागा आहे. पैसे देण्याआधी प्रकाशाची तरंगलांबी किती, डोळे झाकणार कसे, डाग पडल्यास उपाय काय, एवढे विचारावे. यांपैकी कशाचेच उत्तर मिळत नसेल, तर उठून यावे.

प्रकाशापेक्षाही जपायचे ते औषधाच्या दुकानातून सहज आणलेल्या ‘गोरे करणाऱ्या’ मिश्र मलमांपासून. त्यांतील स्टेरॉइडने चेहरा आठवडाभर तुकतुकीत दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, लव वाढते आणि स्टेरॉइडचेच नवे मुरूम उठतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती हातोहात मिळतातच.

घरच्यांनी सांभाळायची गोष्ट औषधाच्या बाहेरची आहे. घरात पाऊल टाकताच आत्याने “अगं, तोंडाला काय झालं हे?” असे विचारावे, आईने “किती सांगितलं हात लावू नकोस म्हणून!” असे चारचौघांत म्हणावे, आणि मुलीने त्या संध्याकाळी पाहुण्यांसमोर येऊ नये, हे घरोघर घडते. तिला काय झाले आहे ते तिने आरशात सकाळीच पाहिलेले असते. अशा वेळी हात पुळीकडे जातो, ती फोडली जाते, आणि व्रण राहतो. कपाळावर उतरणारे केसांचे तेल थोडे आवरावे. डोक्याला तेल लावायचेच असेल तर धुण्याच्या आधी तासभर पुरे. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर जाड केस येत असतील, तर संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी. मुलगा व्यायामशाळेत जाऊन दुधापासून केलेली प्रथिनांची पूड घेत असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. लग्न ठरलेले असेल, तर उपचार किमान चार महिने आधी सुरू व्हावेत. पंधरा दिवसांवर आलेल्या समारंभासाठी नवे मलम, नवा दिवा वा नवे फेशियल यांतले काहीही प्रथमच करू नये.