ओलीस ठेवलेले बिऱ्हाड

‘हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’ आपले सारे बिऱ्हाड कुणा अनोळखी माणसाच्या ट्रकमध्ये अडकून पडले आहे आणि ते सोडवण्यासाठी दुप्पट-तिप्पट रक्कम मागितली जात आहे, अशी तक्रार घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या गृहस्थाला बहुधा हेच वाक्य ऐकावे लागते. तो हिरमुसला होऊन घरी येतो, तर तेथे आप्तेष्टांचे दुसरे वाक्य तयार असते : ‘तुम्ही आधी नीट चौकशी करायला हवी होती.’ या दोन्ही वाक्यांशी माझे भांडण आहे. घरसामान हलवणाऱ्या लबाड कंपन्या या दोन वाक्यांच्या आधारावरच पोसल्या गेल्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खानदेशात आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे बदलीच्या हुकमाबरोबर आली. भुसावळची रेल्वे, भुसावळ आणि वरणगाव येथील आयुध निर्माण्या, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, जळगाव-धुळ्यातील बँका, शाळा, रुग्णालये – आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी नावांचा उगम या ठिकाणी सापडेल. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला, त्याच्याही पुष्कळ आधीपासून ही माणसे येथे येत होती आणि येथून जात होती. एप्रिल-मे उजाडला की कुणी वसईला, कुणी पुण्याला, कुणी नागपूरला निघते. रेल्वेच्या नोकराला बदलीच्या वेळी सामानासाठी ‘किट पास’ मिळे. बिऱ्हाड वाघिणीत भरून जाई. ते पोहोचायला उशीर होई, कपाटाला पोचे पडत, एखादी बरणी फुटे; पण हातात रेल्वेची पावती असे आणि त्या पावतीला जबाबदार असणारा कुणीतरी खुर्चीवर बसलेला सापडे. आज खुर्ची नाही. आहे तो एक दूरध्वनी क्रमांक.

या धंद्याची रीत ठरलेली आहे. समजा, जळगावहून वसईला जायचे आहे. क्रमांक फिरवला की पलीकडचा गोड आवाज चौदा हजार रुपये सांगतो. इतर दोघांनी बावीस-चोवीस सांगितलेले असतात, त्यामुळे हा माणूस आपला वाटतो. त्याच्याकडे ना ट्रक असतो ना हमाल. तो मधला दलाल. थोडी रक्कम आगाऊ घेऊन तो हे काम दुसऱ्याला विकतो, दुसरा तिसऱ्याच्या आयशरमध्ये निम्मी जागा घेतो. ठरलेल्या दिवशी सकाळऐवजी संध्याकाळी गाडी येते, अंधारात घाईघाईने खोकी भरली जातात, कोऱ्या कागदावर सही घेतली जाते. गाडी हलली की आवाज बदलतो. सामान सांगितल्यापेक्षा जास्त निघाले, वजन वाढले, चेकपोस्टचा खर्च आला. अडतीस हजार टाका, नाहीतर माल गोदामात उतरवू आणि गोदामाचे भाडे रोज चढेल. तिकडे वसईला रिकाम्या खोलीत सतरंजीवर मुले बसलेली असतात. त्यांचे शाळेचे दाखले, आजीचे शिवणयंत्र, लग्नातला तांब्याचा हंडा, देवघरातली पवित्र हृदयाची तसबीर, सारे त्या ट्रकमध्ये.

हा सौदा यशस्वी का होतो, याचा विचार करण्यासारखा आहे. जुन्या बिऱ्हाडाला बाजारात किंमत नसते. दहा वर्षे वापरलेले कपाट, खरचटलेले टेबल, वापरलेली भांडी भंगारवाल्याला विकली तर किती येतील? पण ज्याचे ते घर आहे त्याला ते नव्याने उभे करायला लाखो रुपये लागतील, आणि काही गोष्टी तर कितीही पैसे मोजले तरी परत मिळणार नाहीत. बाजारातली किंमत आणि घरातली किंमत यांच्यामधली ही दरी हेच या लोकांचे भांडवल. माल विकून त्यांना काही मिळणार नसते. मिळते ते मालकाच्या जीव तुटण्यातून. म्हणूनच ‘ओलीस’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू, कारण ते आपल्याच तोंडचे आहे. ‘चौकशी करायला हवी होती’ म्हणणाऱ्याने जरा सावदा-रावेरकडे पाहावे. तेथून केळीच्या गाड्या निघतात. केळी हा नाशवंत माल. वाटेत दोन दिवस गाडी अडवली तर सारा माल मातीमोल. ट्रकवाल्याने खंडणी मागायची तर याहून सोयीचा माल कोणता? तरीही केळीच्या व्यापारात असा प्रकार रुजला नाही. ट्रकवाले संत आहेत म्हणून नव्हे. केळीच्या व्यापाऱ्याला उद्या पुन्हा गाडी लागणार आहे आणि ट्रकवाल्याला उद्या पुन्हा भाडे. वजनकाट्याची पावती आहे, बिल्टी आहे, मुकादम ओळखीचा आहे, आणि एकाने दगा दिला तर संध्याकाळपर्यंत साऱ्या बाजाराला कळते. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे रस्ते जेथे एकमेकांना छेदतात त्या धुळ्यात ट्रान्सपोर्टचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे आणि त्यात शब्दाला मोल आहे, हे कुणीही जाणकार सांगेल. बिऱ्हाड हलवणारा गृहस्थ मात्र सात-आठ वर्षांतून एकदा गिऱ्हाईक होतो. त्याला दर माहीत नाही, शब्द माहीत नाहीत, आणि पुन्हा तो त्या माणसाकडे जाणारही नाही. ज्या कामाचा अनुभव माणसाला आयुष्यात तीनदा येतो, त्यात त्याने तरबेज असावे अशी अपेक्षा करणे आणि फसल्यावर त्यालाच बोल लावणे, हे मला निर्दयपणाचे वाटते. चोरी झालेल्या घराला आपण कुलपाची चौकशी आधी करतो आणि चोराची नंतर.

कायदा मात्र गृहस्थाच्या बाजूने आहे, आणि आजचा नव्हे. १८६५ च्या वाहक कायद्यापासूनच आपल्याकडे असे तत्त्व आहे की माल हरवला किंवा बिघडला तर वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर नाही. २००० साली ‘पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व ग्राहक न्यायालयातल्या तक्रारींनाही लागू आहे असे ठरवले. त्या जुन्या कायद्याची जागा २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याने घेतली आणि तो १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्यात ‘वाहक’ या शब्दाची व्याख्याच अशी आहे की दलाल, एजंट, कंत्राटदार आणि बुकिंग करणारी कंपनी हे सर्व तिच्यात येतात. तेव्हा ‘आम्ही फक्त मधले आहोत, ट्रकवाल्याशी बोला’ हे उत्तर कायद्यापुढे टिकणारे नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र घेतल्यावाचून हा धंदाच करता येत नाही. अर्थात या नियमाचा भंग करणाऱ्याला कायदा करणाऱ्यांनी दंड किती लिहिला? पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपयांपर्यंत. एका फेरीत वीस-पंचवीस हजार उकळणाऱ्याला ही रक्कम म्हणजे डिझेलच्या खर्चातली एक बाब!

याच कायद्यातली आणखी एक गोष्ट फारशा कुणाला ठाऊक नसते आणि लबाडांना मात्र पक्की ठाऊक असते. मालकाने जास्त किमतीची जोखीम आगाऊ लिहून दिलेली नसेल, तर वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. म्हणून वीस हजारांच्या व्यवहारात बिल्टीवर भाडे म्हणून सहा हजारच लिहायचे आणि उरलेले ‘पॅकिंग’, ‘हमाली’, ‘सेवा’ असे पसरायचे. दोन लाखांची जबाबदारी एका ओळीत साठ हजारांवर येते, आणि सही करणाऱ्याला वाटते की हिशेब किती तपशीलवार दिला आहे! ‘विम्या’चेही तसेच. घोषित किमतीवर शेकडा तीन रुपये विम्याच्या नावाने घेतले जातात. पण वाहतूकदार म्हणजे विमा कंपनी नव्हे. ज्या कागदावर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसीचा क्रमांक नाही, तो विमा नव्हेच. चेकपोस्टच्या खर्चाचे सांगतात, तेही खोटे. वापरलेल्या घरसामानाला जी.एस.टी.च्या नियमांनुसार ई-वे बिलच लागत नाही, आणि राज्यात शेवटची उरलेली मुंबईची जकातही १ जुलै २०१७ रोजी संपली.

येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. बदलीचा भत्ता बिल दाखवून मिळतो, तेव्हा ‘बिल वाढवून देऊ’ हे आमिषही या धंद्यातले जुने आमिष आहे. इंडियन बँक्स असोसिएशनची मान्यता आहे असे कार्डावर छापलेले असते. ती खरी की खोटी हे पाहण्याच्या फंदात कुणी पडत नाही, कारण कार्यालयाला बिल हवे असते आणि बिल तर मिळणार असते. ज्याने चौदा हजार देऊन तीस हजारांचे बिल स्वीकारले, तो उद्या अडतीस हजारांची मागणी आली तर कुठल्या तोंडाने तक्रार करील? लबाडाला हे नेमके माहीत असते. फुगवलेले बिल ही त्याने गिऱ्हाइकाच्या तोंडात घातलेली बोळवण असते. असे बिल देऊ करणाऱ्याला त्याच क्षणी दाराबाहेर काढावे. ज्याला कार्यालयाशी खोटे बोलायला संकोच वाटत नाही, त्याला आपल्याशी का वाटावा?

आता पहिल्या वाक्याविषयी. भाड्याच्या रकमेबद्दल प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. सांगितलेल्या वीस खोक्यांऐवजी चाळीस निघाली, तर वाहतूकदाराने जास्त पैसे मागणे वाजवी आहे, आणि तो वाद खरोखरच दिवाणी आहे. पण तसे असेल तर तो वाद गाडी भरताना, दारात, मालकाच्या समोर निघतो. गाडी नजरेआड झाल्यावर आणि कोऱ्या कागदावर सही घेतल्यावर निघणारी मागणी ही वेगळी गोष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ च्या तिसऱ्या पोटकलमात, वाहक म्हणून सोपवलेल्या मालाबाबत विश्वासघात करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. जुन्या दंडसंहितेतही कलम ४०७ होतेच. फसवणुकीचे कलम ३१८ आहे, आणि ‘पैसे दे, नाहीतर सामान रस्त्यावर फेकतो’ या धमकीसाठी खंडणीचे कलम ३०८ आहे. विधिमंडळाने ‘वाहक’ हा शब्द फौजदारी कायद्यात मुद्दाम घालून ठेवला आहे. ठाणे अंमलदाराने तो वाचायचा नाही असे ठरवले, तर दोष कायद्याचा नव्हे. ‘गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही’ हे उत्तरही आता चालणार नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. गाडी नाशिकला अडवलेली असली तरी जळगावात तक्रार देता येते.

तक्रार लिहिताना ‘भाड्याचा वाद’ हा शब्द मात्र चुकूनही वापरू नये. किती रकमेवर व्यवहार ठरला, कोणत्या तारखेला माल ताब्यात दिला, कोणत्या वेळी कोणत्या क्रमांकावरून किती रकमेची मागणी झाली, कोणती धमकी दिली गेली आणि ट्रकचा क्रमांक काय, एवढेच लिहावे. ट्रकचा क्रमांक गाडी भरतानाच टिपलेला असावा.

ग्राहक आयोगाचा मार्ग याखेरीज आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली : तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला दाद मागता येते. कंपनीची पाटी पुण्यात असली तरी धुळेकराला पुण्याचे खेटे घालावे लागत नाहीत. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, आणि वकील देण्याची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची. परंतु नुकसानीची लेखी सूचना माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहकाला दिलेली असावी लागते, आणि बहुतेकांची बाजू येथेच लंगडी पडते. निकालाला वेळ लागतो, हे खरे. कायद्याने तीन महिन्यांची अपेक्षा धरली आहे. अपेक्षा आणि अनुभव यांतले अंतर वाचकांना मी सांगायला नको.

तेव्हा पोलिसांनी गुन्हा नोंदवावा आणि आयोगाने लवकर निकाल द्यावा, एवढे म्हणून मी थांबत नाही. केळीच्या बाजाराकडे जी आठवण आहे ती एकट्या कुटुंबाकडे नसते. पण ती धर्मग्रामाकडे असू शकते. दर उन्हाळ्यात आपल्यातून चार-पाच कुटुंबे जातात, चार-पाच येतात. धर्मग्रामाच्या कार्यालयात एक साधी वही ठेवावी : कुणी कोणाकडून सामान नेले, किती किलोमीटर, किती ठरले, किती द्यावे लागले, आणि सोबत बिल्टीची एक प्रत. शेरा मारण्याची गरज नाही; ठरलेला आणि दिलेला आकडा शेजारी-शेजारी असला की पुरे. भुसावळ, जळगाव आणि धुळे येथील वह्यांची वर्षातून एकदा देवाणघेवाण झाली, तर दहा वर्षांत एकदा गिऱ्हाईक होणाऱ्या माणसाच्या हाती तीस-चाळीस व्यवहारांचा अनुभव येईल. आणि जळगाव व धुळे येथील परिवहन कार्यालयांकडे आपण सह्या करून एक अर्ज द्यावा, की २००७ च्या कायद्याखाली नोंदलेल्या वाहकांची नावे, पत्ते आणि नोंदणी क्रमांक मराठीत, मोठ्या अक्षरांत, कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लावावेत आणि दर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती यादी नव्याने लावली जावी. या अर्जाचा मसुदा कोणत्याही धर्मग्रामाला हवा असल्यास तो लिहून देण्याची माझी तयारी आहे.