पाळण्यात की जाणत्या वयात?

दिल्लीला गेलेला मराठी प्रवासी लाल किल्ला पाहून चांदणी चौकात शिरतो आणि जिलेबी, पराठे नि साड्यांच्या गर्दीत हरवून जातो. जैनांचे लाल मंदिर त्याला दिसते, गुरुद्वारा शीशगंजही दिसतो. या दोहोंच्या मधले सेंट्रल बाप्टिस्ट चर्च मात्र नजरेतून निसटते.

दिल्लीतले बाप्टिस्टांचे काम १८१४ पासूनचे. ही माणसे आपल्याला अगदीच परकी नाहीत. बंगालमधील श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश छापणारा विल्यम कॅरी याच पंथाचा.

या पंथाचे वेगळेपण त्याच्या नावातच आहे. बहुतेक ख्रिस्ती घरांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट म्हणतात, ज्याला श्रद्धेचा अर्थच कळत नाही, त्याच्या वतीने इतरांनी होकार कसा द्यायचा? माणूस जाणता झाला, त्याने स्वतः विश्वास कबूल केला, की मगच त्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायचा.

हा होकार कधी कधी फार महाग पडे. मुसलमान घरात जन्मलेले विलायत अली जाणतेपणी बाप्टिस्ट झाले होते आणि दिल्लीत धर्मोपदेश करीत होते. मे १८५७ मध्ये शहरात उठाव होताच ते मारले गेले. त्यांची पत्नी फातिमा वाचली आणि त्या दिवसांची हकिकत तिने सांगून ठेवली. उठाव शमल्यावर मंडळी पुन्हा उभी राहिली.

पुढे प्रश्न आला तो एकोप्याचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा ख्रिस्ती पंथ एकत्र आले आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यात उत्तर भारतातील बाप्टिस्ट मंडळ्यांची परिषदही होती. बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या अँग्लिकनांबरोबर यांचे जमणार कसे? तोडगा असा निघाला की दोन्ही पद्धती मान्य. ज्यांना बाळाचा बाप्तिस्मा हवा, त्यांनी तो करावा. मात्र ते मूल मोठे झाल्यावर त्याने आपली श्रद्धा स्वतः सर्वांसमोर कबूल करावी. ज्यांना तो नको, त्यांनी मुलाच्या जाणतेपणाची वाट पाहावी. ज्या पाळकाचे मन बाळाच्या बाप्तिस्म्याला घेत नाही, त्याच्यावर सक्ती नाही.

सगळ्यांना हे रुचले नाही. ईशान्य भारतातील मोठ्या बाप्टिस्ट मंडळ्या वेगळ्याच राहिल्या. त्यांनाही दोष देता येत नाही. ज्या तत्त्वावरून नाव पडले, त्यावर तडजोड करणे सोपे नसते.

वाचकहो, हा प्रश्न केवळ चर्चचा आहे का? मुंज, व्रते, कुळाचार आपणही मुलांना देतो, बहुधा त्यांना न विचारता. द्यावेत, जरूर द्यावेत. पण मूल जाणते झाल्यावर ‘हे तुला पटते का रे?’ असे एकदा विचारायला काय हरकत आहे? आणि उत्तर ‘नाही’ आले, तर ते ऐकून घेण्याची तयारीही ठेवावी.