घर बदलले, जोडणी अडली : ब्रॉडबँड स्थलांतराच्या नियमांतील पोकळी

नवी दिल्ली : शाळा सुरू होण्यापूर्वीचे एप्रिल ते जून हे महिने देशातील शहरांत घरे बदलण्याचे असतात. सामान एका दिवसात हलते. गॅस आणि विजेची जोडणी नव्या पत्त्यावर घेण्याची पद्धतही ठरलेली आहे. घरगुती ब्रॉडबँड आणि दूरचित्रवाणीची जोडणी मात्र अनेकदा काही दिवस, कधी काही आठवडे अधांतरी राहते. ग्राहकाने स्थलांतराची विनंती नोंदवलेली असते, वर्षभराचे पैसे आगाऊ भरलेले असतात. तंत्रज्ञ येऊन पाहणी करतो आणि ‘या इमारतीत फिजिबिलिटी नाही’ एवढेच सांगून निघून जातो. अशा प्रसंगी राग संबंधित कंपनीवर निघतो आणि काही वेळा तो रास्तही असतो. मात्र या अडचणीचे मूळ सेवांच्या नियमांच्या रचनेत आणि इमारतीपर्यंत येणाऱ्या तारेवर कोणाचा ताबा आहे, या प्रश्नात आहे.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शहरी भागातील २७.५ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. मुंबई, पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, दिल्ली या शहरांत ११ महिन्यांचे करार सर्रास होतात आणि करार संपला की घर बदलणे अनेकांना अटळ असते. तारेवरील ब्रॉडबँडच्या ग्राहकांची संख्या आज देशात चार कोटींच्या पुढे गेली आहे. घरून होणारे काम, ऑनलाइन परीक्षा, डॉक्टरांचा व्हिडिओ सल्ला आणि घरातील कॅमेरे याच जोडणीवर चालतात. त्यामुळे आठवडाभराचा खंड ही आता केवळ गैरसोय राहिलेली नाही. काहींच्या बाबतीत तो थेट रजेचा किंवा बुडालेल्या कामाचा प्रश्न होतो.

मोबाइलचे सिमकार्ड ग्राहकाबरोबर प्रवास करते. फायबरची सेवा जागेला बांधलेली असते. कंपनीच्या केंद्रातून निघालेली एक तार परिसरातील स्प्लिटर पेटीत ८, १६ किंवा त्याहून अधिक घरांत विभागली जाते. त्या पेटीत मोकळा पोर्ट नसेल, पेटी इमारतीपासून फार लांब असेल किंवा इमारतीच्या डक्टमधून तार नेण्याची परवानगी नसेल, तर त्याच कंपनीचा जुना ग्राहकही नव्या पत्त्यावर परका ठरतो. शेवटच्या टप्प्याचे काम बहुतेक ठिकाणी स्थानिक केबलचालक किंवा फ्रँचायझी पाहतात. त्यांचे क्षेत्र ठरलेले असते. घर एका क्षेत्रातून दुसऱ्यात गेले की जुन्या चालकाचा ग्राहक कमी होतो आणि नव्या चालकाच्या वाट्याला आगाऊ रक्कम आधीच अन्यत्र भरलेला ग्राहक येतो. त्याची जोडणी तातडीने करण्यात दोघांनाही फारसा आर्थिक रस नसणे स्वाभाविक आहे.

थोडक्यात, स्थलांतर म्हणजे तांत्रिकदृष्ट्या एका जागी जोडणी बंद करणे आणि दुसऱ्या जागी नवी जोडणी देणे. नियमांच्या भाषेत मात्र ते या दोन्हींमध्ये नीट बसत नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००६ मध्ये ब्रॉडबँडसाठी सेवेच्या दर्जाचे निकष ठरवले. नवी जोडणी १५ कामकाजाच्या दिवसांत द्यावी, पैसे घेऊनही विलंब झाल्यास दर दिवशी १० रुपये ग्राहकाच्या खात्यात जमा करावेत, अशी त्यात तरतूद होती. या भरपाईला जोडणी शुल्काची कमाल मर्यादा होती. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमनाने हा निकष अधिक कडक केला. आता पैसे भरल्यापासून सात दिवसांत ९८ टक्के जोडण्या सुरू होणे अपेक्षित आहे.

मात्र ही मुदत मोजली जाते ती नव्या जोडणीचे पैसे भरल्यापासून. स्थलांतर करणाऱ्या ग्राहकाने पैसे पूर्वीच, दुसऱ्या पत्त्यावर भरलेले असतात. त्याच्यासाठी घड्याळ केव्हा सुरू होते, हे त्याला कोणी सांगत नाही. बिघाडाच्या दुरुस्तीलाही मुदत आहे. पण जुन्या घरातील जोडणी बंद करणे हा बिघाड नव्हे. लँडलाइनच्या काळात परिस्थिती वेगळी होती. दूरध्वनी एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर हलवण्यासाठी ट्रायच्या जुन्या निकषांत तीन दिवसांचे स्वतंत्र लक्ष्य होते. ब्रॉडबँडचे निकष आखताना तसा वेगळा निकष ठेवला गेला नाही. त्यात ‘तांत्रिक व्यवहार्यतेच्या अधीन’ या शब्दांची भर पडते आणि व्यवहार्यता आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार सेवा देणाऱ्याकडेच राहतो.

दूरचित्रवाणीची अडचण निराळी आहे. डीटीएचचे उपग्रह विषुववृत्तावर स्थिर असल्याने भारतातून छत्रीला दक्षिणेकडचे मोकळे आकाश लागते. सदनिकेला केवळ उत्तरेकडे खिडक्या असतील, तर गच्चीचा आणि त्यासाठी गृहनिर्माण संस्थेच्या परवानगीचा आधार घ्यावा लागतो. केबलच्या बाबतीत नव्या परिसरात दुसरा वितरक असेल, तर जुना सेट-टॉप बॉक्स निरुपयोगी ठरतो. बॉक्स कोणत्याही वितरकाकडे चालावा, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली होती. ग्राहकाच्या घरात ती अजून पोहोचलेली नाही. महाराष्ट्राबाहेर बदली झालेल्या मराठी कुटुंबांना आणखी एक अनुभव येतो. वाहिन्या निवडण्याची मुभा २०१९ पासून मिळाली असली, तरी स्थानिक केबलच्या जाळ्यात मराठी वाहिनीच नसेल, तर निवडीला अर्थ उरत नाही.

दरांच्या बाबतीतही नियामकाने हात आखडता घेतला आहे. २०१७ च्या नियमनात जोडणीसाठी कमाल ३५० रुपये आणि ती कार्यान्वित करण्यासाठी कमाल १०० रुपये अशी मर्यादा होती. जुलै २०२४ मधील दुरुस्तीने जोडणी, तंत्रज्ञाची भेट आणि स्थलांतर यांचे शुल्क ठरवण्याची मोकळीक वितरकांना मिळाली. त्यांनी ते जाहीर करावे, एवढीच अट उरली. जेथे दोन-तीन वितरक स्पर्धेत आहेत, तेथे ही मोकळीक चालून जाईल. एकाच वितरकाची तार असलेल्या इमारतीत ग्राहकाकडे दर नाकारण्याचा मार्ग नसतो.

अशा इमारती अपवादात्मक नाहीत. विकासक किंवा संस्थेने एकाच कंपनीशी करार करून इतरांना प्रवेश नाकारल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. जानेवारी २०१७ मध्ये ट्रायने असे एकाधिकाराचे करार परवान्याच्या अटींचा भंग मानण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने आदर्श इमारत उपविधींत डिजिटल जोडणीच्या सामाईक सुविधांचा समावेश केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना जोडणीच्या दर्जानुसार तारांकन देणारे नियमन आले. यातील आदर्श उपविधी राज्ये आणि महापालिकांनी स्वीकारावे लागतात, तर तारांकन ऐच्छिक आहे. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या मार्गाधिकार नियमांमुळे रस्त्याखालून तार नेणे सोपे होईल. फाटकापासून दारापर्यंतचे अंतर मात्र संस्थेच्या मर्जीवरच राहील.

कंपन्यांची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. एका ग्राहकासाठी नवी तार ओढण्याचा खर्च त्याच्या अनेक महिन्यांच्या शुल्काएवढा होऊ शकतो. रस्ता खोदण्याची परवानगी, संस्थेने मागितलेले प्रवेशशुल्क आणि पावसाळ्यातील बंदी त्यांच्या हातात नसते. पण या अडचणी ग्राहकाला घर बदलण्यापूर्वी कळवता येतात. कोणत्या पेटीत किती पोर्ट मोकळे आहेत, याची नोंद कंपनीकडे असते. तरीही व्यवहार्यतेचे उत्तर सामान पोहोचल्यानंतर मिळते, ही खरी तक्रार आहे.

दाद मागण्याचा मार्ग आहे, पण तो लांबचा आहे. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. २०१२ च्या नियमनानुसार आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे लागते आणि त्याला निर्णयासाठी ३९ दिवस मिळतात. ११ महिन्यांच्या करारातील हा मोठा काळ आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि ग्राहक आयोग हे त्यापुढील पर्याय होत. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. पाच लाख रुपयांपर्यंत मूल्य दिलेल्या सेवेबाबतच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. मात्र काही हजारांच्या आगाऊ रकमेसाठी आयोगाची पायरी चढणारे थोडेच.

ही पोकळी भरण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. स्थलांतराची विनंती ही नव्या जोडणीसारखीच मानून सात दिवसांची मुदत विनंतीच्या तारखेपासून मोजणे, व्यवहार्यतेचे उत्तर दोन-तीन दिवसांत कारणासह लेखी देणे आणि नकार असल्यास उरलेल्या मुदतीचे पैसे आपोआप परत करणे, या तीन बाबी नियमनातील दुरुस्तीने साध्य होऊ शकतात. २०२३ पासून उपलब्ध झालेल्या ५जी आधारित घरगुती जोडणीमुळे तारेची वाट पाहण्याच्या काळात पर्यायी सेवा देणेही अनेक शहरांत शक्य झाले आहे. २०११ मध्ये देशभर लागू झालेल्या क्रमांक पोर्टेबिलिटीने मोबाइल ग्राहकाला कंपनी बदलण्याचा हक्क दिला. पत्ता बदलणाऱ्या घरगुती ग्राहकाला मात्र आपल्याच कंपनीकडून वेळेत उत्तर मिळवण्याचा हक्क अद्याप मिळायचा आहे.