भागीचे घोडे



‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही वाडवडिलांची म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. किवण म्हणजे चिघळलेल्या जखमेत पडणारी कीड. घोडे चौघांच्या मालकीचे. ज्यास गरज लागली त्याने खोगीर चढवावे, बाजार करून यावे आणि घोडे दावणीला बांधून निघून जावे. सोललेली पाठ चौघांनाही दिसते. परंतु औषध दुसरा कोणी लावील, असे चौघेही समजून चालतात. शेवटी घोडे मरते, आणि ते कोणाच्या हयगयीने मेले हे चौघांपैकी एकालाही सांगता येत नाही.

आपल्याकडे आता घोडे बाळगणारी घरे थोडी. म्हण उरली ती सामाईक विहिरीपुरती किंवा वडिलोपार्जित घरापुरती. परंतु जेथे खराखुरा घोडा दहा-वीस माणसांच्या भागीत असतो व या म्हणीची रोज परीक्षा होते, असा एक देश आहे. तो देश अमेरिका; आणि तो घोडा म्हणजे तेथील ‘क्लेमिंग’ शर्यतीत धावणारा थरोब्रेड. त्याची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. शर्यतीचा नाद कोणास लागावा हा आमचा हेतू नाही. मालकी वाटून घेता येते, तशी जबाबदारीही वाटून घेता येते काय, हा प्रश्न त्या हकीकतीत फार स्पष्ट दिसतो, म्हणून ती सांगावयाची.

थरोब्रेड ही घोड्यांची जात सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्लंडात तयार झाली. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन अशी ज्यांची नावे नोंदली आहेत, त्या तीन घोड्यांपर्यंत आजच्या प्रत्येक थरोब्रेडचा पितृवंश जाऊन पोहोचतो. मुंबईच्या महालक्ष्मीस, पुण्यास किंवा हैदराबादेतील मलकपेठेस धावणारे घोडेही याच जातीचे. मोठ्या शर्यतींची व मोठ्या धनिकांची नावे वर्तमानपत्रांत येतात. परंतु अमेरिकेत होणाऱ्या शर्यतींत सर्वांत मोठी संख्या असते ती साध्या क्लेमिंग शर्यतींची.

या शर्यतीचा नियम मोठा मौजेचा आहे. तीत उतरविलेला प्रत्येक घोडा ठराविक किमतीस विक्रीला ठेवलेला असतो. किंमत शर्यतीगणिक निराळी. लहान मैदानांवर ती चारपाच हजार डॉलर असते, मोठ्या मैदानांवर पन्नास-साठ हजार किंवा त्याहूनही अधिक. ज्यास घोडा हवा असेल त्याने परवानाधारक असावे, रक्कम आधी मैदानाच्या हिशेबनिसाकडे जमा ठेवावी, आणि शर्यत सुटण्यापूर्वी ठरलेल्या वेळेच्या आत मागणीचा कागद भरून पेटीत टाकावा. एकाच घोड्यासाठी अनेक कागद आले, तर चिठ्ठ्या टाकून निर्णय होतो. त्या शर्यतीचे बक्षीस मिळाले तर ते जुन्या मालकाचे. घोडा मात्र शर्यतीनंतर नव्या मालकाच्या पागेत जातो.

असा नियम का केला असेल? समजा, एखाद्याने वीस हजारांचा घोडा पाच हजारांच्या दुबळ्या घोड्यांत उतरविला. त्याला बक्षीस हमखास मिळेल. परंतु कोणीतरी पाच हजार भरून वीस हजारांचा घोडा घेऊन जाईल. म्हणून प्रत्येक मालक आपल्या घोड्याची किंमत मुकाट्याने खरी सांगतो. पंचांनी शंभर नियम करून जे साधले नसते, ते लोभाला लोभाची वेसण घालून साधले आहे.

परंतु घेणाऱ्याला येथे डोळे मिटूनच उडी घ्यावी लागते. आपण बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो, खूर दाबून पाहतो. तेथे तसे करता येत नाही. शर्यतीपूर्वी रिंगणात फिरविला जाणारा घोडा दुरून डोळ्यांनी पाहावा, त्याच्या मागच्या धावांची नोंद वाचावी, आणि ठरवावे. काल वीस हजारांत धावणारा घोडा आज दहा हजारांत का उतरला? मालकाला पैशाची निकड आहे, की घोड्याच्या पायात काही भरले आहे? हे जुना मालक व त्याचा मोतद्दार जाणतात. नव्या मालकाला कोणी सांगत नाही.

आता भागीदारीकडे वळू. एकट्याला न झेपणारा हा व्यवहार दहा जण मिळून करतात. कोणी शाळामास्तर, कोणी दुकानदार, कोणी निवृत्त झालेला पोलीस. प्रत्येकाचा दहावा किंवा विसावा भाग. एकास व्यवस्थापक नेमतात. कोणता घोडा घ्यावयाचा, कोणत्या शर्यतीत उतरवावयाचा, हे तो व घोड्याचा शिक्षक मिळून ठरवितात. बाकीच्यांनी वेळच्या वेळी पैसे भरावयाचे, पहाटे येऊन घोड्याची फेरी पाहावयाची, आणि घोडा जिंकला तर त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घ्यावयाचे. या आनंदाची आम्ही थट्टा करीत नाही. सामायिक आशेने माणसे जवळ येतात, हे खरेच आहे.

परंतु हिशेब कागदावर मांडून पाहावा. समजा, दहा जणांनी दहा हजार डॉलरांचा घोडा घेतला. प्रत्येकी एक हजार. शिक्षकाची फी, खुराक व पागेचा खर्च दिवसाला शंभर डॉलर धरला, तर वर्षाचे छत्तीस हजारांहून अधिक होतात. पशुवैद्य व नालबंद यांचे पैसे वेगळे. आता बक्षीस पंधरा हजारांचे धरू. पहिल्या घोड्याला त्यातले साधारणपणे शेकडा साठ मिळतात, म्हणजे नऊ हजार. त्यातून शिक्षकाचा दहावा व जॉकीचा दहावा भाग वजा जाता उरले सात हजार दोनशे. म्हणजे नुसते पोट भरण्यासाठी घोड्याने वर्षात पाच वेळा पहिले यावयास हवे. आणि तेथील घोडा सरासरीने वर्षातून सहाच्या आसपास वेळाच धावतो! दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे थोडेफार मिळते हे खरे. तरीही बहुतेक भागीदारांच्या पदरी शेवटी तोटाच येतो. जाणते भागीदार ही रक्कम करमणुकीच्या खर्चात धरतात. जे ती मिळकतीत धरतात ते फसतात.

मग लोक का येतात? अपवादांच्या कथांमुळे. १९४३ साली हर्श जेकब्ज नावाच्या शिक्षकाने स्टायमी नावाचा दोन वर्षांचा घोडा अवघ्या १,५०० डॉलरांना मागून घेतला. हा गृहस्थ तरुणपणी कबुतरांच्या शर्यती लावीत असे, आणि मुक्या प्राण्याचे दुखणे ओळखण्याची दृष्टी त्याच्यापाशी होती. स्टायमी १३१ वेळा धावला, ३५ वेळा जिंकला, आणि त्याने ९,१८,४८५ डॉलर मिळविले. अलीकडची गोष्ट हवी असेल, तर रिच स्ट्राइक हा घोडा सप्टेंबर २०२१ मध्ये ३०,००० डॉलरांना मागून घेतला गेला, आणि मे २०२२ मध्ये, एकास ऐंशी असा भाव असताना, त्याने केंटकी डर्बी ही तेथील सर्वांत मानाची शर्यत जिंकली. अशा कथा खऱ्या आहेत. म्हणूनच त्या धोक्याच्या आहेत. एका स्टायमीची कथा सत्तर वर्षे सांगितली जाते; लंगडत गेलेल्या हजारोंची कोणी सांगत नाही.

येथेच आपली म्हण पुढे येते. क्लेमिंगचा घोडा एका वर्षात दोनचार मालकांच्या हातून जाऊ शकतो. ज्याने त्याच्या गुडघ्याची सूज पाहिली तो मालक जातो, आणि सुजेची आठवणही त्याच्याबरोबर जाते. नवा मालक पैसे वसूल करण्याच्या घाईत असतो. दुखऱ्या पायाला महिनाभर विसावा द्यावा, तर महिन्याचा खर्च अंगावर पडतो आणि बरा झालेला घोडा पुढच्याच शर्यतीत तिसरा कोणी घेऊन जातो. म्हणजे औषधाचे पैसे माझे आणि गुण दुसऱ्याचा! मग किंमत उतरवून तो दुसऱ्याच्या गळ्यात बांधावा, हाच शहाणपणा ठरतो. किवण याहून निराळे ते काय?

हा प्रकार कोठवर जातो ते न्यूयॉर्कच्या ॲक्विडक्ट मैदानावर दिसले. २०११ च्या नोव्हेंबरअखेरपासून २०१२ च्या मार्चपर्यंत एवढ्या एका हंगामात तेथे २१ घोडे मेले. त्याच सुमारास मैदानाशेजारी जुगाराचे यंत्रगृह सुरू झाले होते, आणि त्याच्या उत्पन्नातून बक्षिसांच्या रकमा फुगल्या होत्या. चौकशी समितीने जे दाखवून दिले त्याचा सारांश असा, की बक्षीस घोड्याच्या किमतीपेक्षा फार मोठे झाले, म्हणजे घोड्याचा जीव स्वस्त होतो. साडेसात हजारांचा घोडा मोडला तरी चालेल, समोर त्याच्या कितीतरी पट रक्कम आहे, असा हिशेब माणसे करू लागतात. त्यानंतर त्या राज्यात बक्षिसाला किमतीच्या प्रमाणात मर्यादा घालण्यात आली. शिवाय शर्यतीत घोडा मेला तर मागणी रद्द, असा नियम झाला. त्यापूर्वी फाटक उघडून घोडा सुटला की मालकी बदले. पुढच्या पावलावर त्याचा पाय मोडला तरी किंमत नव्या मालकाने भरावयाची, आणि दुखरा घोडा उतरविणारा पैसे मोजून घरी जावयाचा.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत सर्व राज्यांसाठी एक कायदा झाला, आणि त्याखालील सुरक्षिततेचे नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाले. मागून घेतलेला घोडा शर्यतीनंतर तासाभरात पशुवैद्याने तपासावयाचा. तो लंगडत असेल, गंभीर जखमी असेल किंवा त्याच्या नाकातून रक्त येत असेल, तर व्यवहार रद्द होऊन घोडा जुन्या मालकाकडेच राहतो. म्हणजे दुखणे लपवून घोडा विकण्याचा मार्ग पुष्कळसा बंद झाला. तेथील नोंदींप्रमाणे २००९ साली दर हजार धावांमागे दोन घोडे मरत. २०२२ साली हे प्रमाण १.२५ वर आले. याचे श्रेय एकाच नियमाला देता येणार नाही. परंतु उत्तरदायी कोण, हे ठरविले की हयगय कमी होते, एवढे त्यावरून दिसते.

राहिला प्रश्न म्हातारपणाचा. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. धावतो मात्र पाचसात वर्षांचा होईतोवरच. पुढची वीस वर्षे त्याने कोणाच्या दारात काढावयाची? अमेरिकेतील घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ साली बंद झाले. तथापि त्यानंतरही तेथील घोडे त्यासाठी सरहद्दीपलीकडे कॅनडात व मेक्सिकोत नेले गेले. २०१२ साली निवृत्त थरोब्रेडांची सोय लावणाऱ्या संस्थांना पैसा पुरविण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले, हे चांगले झाले. परंतु ज्या वीस जणांनी छायाचित्र काढून घेतले, त्यांपैकी निवृत्तीच्या दिवशी कितीजण हजर असतात, हाच खरा प्रश्न आहे.

म्हण नेहमीच खरी ठरते असेही नाही. न्यूयॉर्क राज्यातील सॅकेट्स हार्बर या लहान गावच्या सहा शाळासोबत्यांनी १९९५ साली प्रत्येकी पाच हजार डॉलर घालून भागी केली. पुढे आणखी काही जण मिळाले, आणि त्यांनी पंचाहत्तर हजारांना फनी साइड हा घोडा घेतला. तो क्लेमिंगमधून आला नव्हता. परंतु भागी मात्र साध्या माणसांचीच. २००३ साली त्याने केंटकी डर्बी जिंकली, तेव्हा ही मंडळी भाड्याच्या पिवळ्या शाळेच्या बसमधून मैदानावर आली होती. आम्हांस अधिक मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: २००७ साली धावणे थांबल्यावर तो घोडा विसरला गेला नाही. केंटकीतील अश्व-उद्यानात त्याने उतारवय काढले, आणि २०२३ साली तो तेथेच वारला. तेथे व्यवस्थापक एक होता, हिशेब लेखी होता, आणि घोड्याचे पुढे काय करावयाचे याचा विचार झाला होता.

तात्पर्य, भागी वाईट नाही. अनामिक भागी वाईट. भागीत शिरताना तीन गोष्टी विचाराव्यात: दुखले-खुपले तर धावून जाणारा कोण? उत्पन्न नसेल तेव्हा खर्च कोण करील? आणि काम संपल्यावर त्या जिवाने राहावयाचे कोठे? नफ्याचे वाटे किती, हा प्रश्न चौथा.

वाचकहो, हे तीन प्रश्न सातासमुद्रापलीकडचे नाहीत. चार भावांनी वाटणी करताना शेताचा बांध वीतभर इकडेतिकडे होऊ नये म्हणून मोजणीदार आणतात, कागद करतात, साक्षीदार ठेवतात; आणि म्हाताऱ्या आईचे डोळे कोणी दाखवावयाचे, तिचे औषध कोणी आणावयाचे, हे मात्र कागदावरही येत नाही व बोलण्यातही येत नाही. चौघांची आई म्हणून चौघेही निर्धास्त असतात. आईची तुलना आम्ही घोड्याशी करीत नाही. परंतु हयगयीची वाट दोन्हीकडे एकच आहे. तेव्हा या आठवड्यात जेथे जेथे ‘आमचे’ असे आपण म्हणतो, तेथे तेथे एकाने तरी ‘ही जबाबदारी माझी’ असे मोठ्याने म्हणावे. बाकीच्यांनी ते ऐकावे, आणि त्याच्या हाती खर्चाचा आपला वाटा वेळेवर ठेवावा.