विचारणारा कोण?

2011 मध्ये राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन व रोशनी नायर यांनी महाराष्ट्रातल्या 15 तुरुंगांत 339 मुस्लिम बंद्यांशी बोलून अभ्यास केला. आकडे सगळेच सांगतात. ते कसे मिळाले, हे कोण विचारतो? तुरुंगात परवानगी साहेबाची, पहारा शिपायाचा. वहीवाला बंद्याला सरकारी माणूसच वाटतो. उत्तरात सुटकेची आशा उतरते, नाहीतर भीती. म्हणून संशोधकाने लिहिलेच पाहिजे: मी कोण, कोणाच्या परवानगीने आलो, कोणत्या भाषेत विचारले, जवळ कोण उभे होते. तटस्थतेच्या नावाखाली हे झाकणे म्हणजे अर्धसत्य छापणे. वाशिम, कारंजा, मंगरूळपीरच्या आमच्या उर्दू शाळांतल्या मुलामुलींनी उद्या ही वही जरूर हाती घ्यावी. पण आपल्या कौमचा म्हणून बंदी आपल्याशी खरेच बोलेल, हा भ्रम त्यांनी बाळगू नये, असे आम्ही बजावतो.