संगणकातला किल्ला आणि आपला भुईकोट

संगणकावर किल्ले बांधणारी पोरे वाया गेली, असे वडीलधारे म्हणतात. मला ते पटत नाही. २००१ साली आलेल्या ‘स्ट्राँगहोल्ड’ या खेळात तट कितीही उंच बांधा, कोठारातले धान्य संपले की रयत रुसते आणि किल्ला सोडून चालू लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडाची जागा निवडताना आधी पाणी पाहावे असेच सांगितले आहे. आमच्या दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर मात्र महाराज, मावळे, तोफा सगळे असते. टाके नि अंबारखाना कुणी करीत नाही!

सोलापूरचा भुईकोट दुहेरी तटाचा, खंदकाचा, सिद्धेश्वर तलावाला लागून. तरी मे १८१८ मध्ये तो मन्रोच्या फौजेच्या हाती गेला. का गेला, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? आपण तिथे जातो ते बागेत दाणे खायला.